माईंची जेवणानंतरची गोळी

माझा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्यात पेशंटची काही चूक नाही. मी भूलतज्ज्ञ. माझी आणि त्यांची खरी गाठ पडते ती ऑपरेशनच्या टेबलावर. तिथे मी दोन वाक्यं बोलते आणि ते झोपतात. जागे होतात तेव्हा समोर सर्जन हसत उभे असतात. मग सर्जनना फुलांचे गुच्छ, नर्सेसना मिठाईचे डबे. मी लिफ्टमध्ये शेजारी उभी असले तर म्हणतात, "आंटी, ज़रा ग्राउंड फ्लोअर दबा देना." मी दाबते. मनात म्हणते, अगं बाई, काल चार तास तुझा एकेक श्वास मी मोजत होते!

सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर मी गुरुग्रामच्या एका छोट्या कॉस्मेटिक सर्जरीच्या हॉस्पिटलात काम धरलं. आमचं सगळं आयुष्य सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळ गाव विदर्भात. त्यामुळे काचेच्या त्या इमारतीत पहिल्या दिवशी मला परदेशात आल्यासारखं वाटलं. मैत्रिणींनी यथेच्छ चेष्टा केली. "आयुष्यभर गरिबांची अपेंडिक्स काढली, आता श्रीमंतांची नाकं का?" मीही हसले. माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला बोलू.

तिथे गेल्यावर मत बदललं. छातीच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या बायकांबद्दल लोक काहीबाही बोलतात. त्यातल्या कितीतरी जणी आकार वाढवायला नव्हे, कमी करायला आलेल्या असतात. मान आणि पाठ सतत दुखते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यात खाचा पडलेल्या असतात, उन्हाळ्यात छातीखालची कातडी चिघळते, मेट्रोत लोकांच्या नजरा झेलायच्या त्या वेगळ्याच. त्यांच्या खांद्यावरच्या खाचा पाहिल्यावर 'कॉस्मेटिक' हा शब्द मी नाक मुरडून उच्चारणं सोडून दिलं.

ऑपरेशनच्या काही दिवस आधी पेशंट माझ्या खोलीत येतो. तपासणं आणि प्रश्न विचारणं एवढंच माझं तिथलं काम. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, "कुठली औषधं चालू आहेत?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "कोई नहीं, मैम." माझे निम्मे केस या 'कोई नहीं'नं पांढरे केलेत.

एकदा एक जिममध्ये कमावलेल्या दंडांचे गृहस्थ आले. पुरुषांचीही छाती वाढते आणि त्यांनाही त्याची भयंकर लाज वाटते. औषधं? कोई नहीं. मग सहज बोलता बोलता कळलं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाचा अर्क, हळदीचा अर्क, सगळं मूठ मूठ चालू आहे. "पर ये तो नॅचरल है, मैम!" मी म्हटलं, "धतूरा भी नॅचरल है." यातल्या बऱ्याच गोष्टींनी रक्त पातळ होतं, हे समजावल्यावर ते जरा दुखावले, पण थांबवलं सगळं.

उलट तऱ्हेचेही असतात. पश्चिम दिल्लीच्या एक बाई दाखल व्हायला आल्या त्याच विजयी मुद्रेनं. "डॉक्टर साहब, मैंने सब बंद कर दिया!" सब म्हणजे ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा. कुठल्याशा ब्यूटी पार्लरमध्ये त्यांना सांगितलं होतं की ऑपरेशनआधी कुठलीच गोळी चालत नाही. प्रेशर असं चढलेलं की मीच खुर्ची धरून बसले. ऑपरेशन पुढे ढकललं तर माझ्यावरच रागावल्या. एवढा त्याग केला आणि वर बोलणी खायची!

तेव्हापासून मी 'औषध' हा शब्दच वापरत नाही. आपल्या लोकांच्या लेखी औषध म्हणजे आजारी माणसानं घ्यायची वस्तू. डोकं दुखलं म्हणून घेतलेली गोळी, शेजारणीनं दिलेला काढा, नवऱ्याच्या पाकिटातली अॅसिडिटीची कॅप्सूल, यातलं काही औषध नसतंच. म्हणून मी म्हणते, "सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा. चहापासून सुरू करा." लोकांना वाटतं म्हातारीला गप्पा मारायच्यात. वाटू दे. खरी उत्तरं गप्पांतच मिळतात.

वैशालीचं प्रकरण असंच गप्पांतून उघडलं. नावं मी बदलली आहेत, आणि लिहायची परवानगी सगळ्यांकडून घेतली आहे.

वैशाली गौतम, चाळिशीच्या आतबाहेर, सरकारी कार्यालयात नोकरी. छातीचा आकार कमी करायचा होता, ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. आडनावावरून मला वाटलं, उत्तर प्रदेशची असेल. ती खोलीत आली, माझ्या कोटावरचं 'डॉ. वानखेडे' वाचलं आणि एकदम आक्रसली. माझ्या प्रश्नांना हिंदीत, मोजूनमापून उत्तरं द्यायला लागली. सुबह चाय. फिर नाश्ता. फिर ऑफिस. रात को खाना. बस.

"खाने के बाद?"

"कुछ नहीं."

मी तिची नाडी बघायला हात हातात घेतला. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथून दोन दिवसांपूर्वी तपासणीसाठी रक्त काढलं होतं, तिथे हा एवढा, पुरीएवढा काळानिळा डाग. सुईच्या टोचण्याने एवढं होत नाही. मी तिथे जरा दाबलं आणि ती ओरडली, "आई गं!"

दिल्लीत राहून आमची माणसं मराठीतले निम्मे शब्द विसरतात, पण दुखल्यावर तोंडातून 'आई गं'च निघतं.

"कुठली गं तू?" मी विचारलं.

तिनं मान खाली घातली. "अमरावती. माहेर अकोला. मॅडम, प्लीज, विहारात कुणाला सांगू नका."

मग माझ्या लक्षात आलं. फॉर्मवरच्या पत्त्याप्रमाणे ती आमच्या सरोजिनी नगरशेजारच्याच लक्ष्मीबाई नगरला राहत होती. दिल्लीतली आमची विदर्भ-मराठवाड्यातली बौद्ध मंडळी म्हणजे एक छोटं गावच आहे. विहारात दर रविवारी भेटणार, एकमेकांच्या पोरांची लग्नं जमवणार. सरोजिनीच्या बाजारात कुणी कुठला कुर्ता घेतला ते संध्याकाळपर्यंत लक्ष्मीबाई नगरला पोचलेलं असतं. त्या गावापासून लपायला बिचारी एवढ्या लांब गुरुग्रामला आली, आणि समोर बसलेली कोण, तर वानखेडे!

"या खोलीतलं बाहेर जात नाही," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. आता नीट सांग. जेवणानंतर काय?"

"माईंची गोळी," ती म्हणाली.

माई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांना हृदयाचा त्रास झाला होता, स्टेंट बसवला होता, आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना रोज रात्री एक अॅस्पिरिनची बारीक गोळी दिली होती. त्यांच्यासाठी ती अगदी योग्य. पुढे वैशालीचे मोठे दीर गेले. धडधाकट माणूस, सकाळी आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी बोलून गेलं की माईंसारखी एखादी गोळी त्यालाही चालू असती तर वाचला असता. बोलणारा चहा पिऊन निघून गेला. माईंनी मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या पाकिटातली एकेक गोळी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. रात्री ताटं उचलली की हात पुढे करायचा. गोळी, वर पाण्याचा पेला.

"कुणी नाही म्हणत नाही?"

"कसं म्हणणार, मॅडम? हात पुढे केला की त्यांचा चेहरा शांत होतो. आम्हांला ते औषध वाटतच नाही."

"पण सध्या त्या घरी आहेत का?"

"नाही. नणंदेचं बाळंतपण आहे, दोन आठवडे अमरावतीला गेल्यात. म्हणून तर ही तारीख घेतली. पण गोळ्यांचं एक पाकीट ठेवून गेल्यात, आणि रोज नऊ वाजता व्हिडिओ कॉल असतो. आम्ही गोळी घेतलेली त्यांना दिसली पाहिजे. नितीन तर जीभ काढून दाखवतो." नितीन म्हणजे तिचा नवरा. ऑपरेशनचं एकट्या त्यालाच माहीत होतं.

"काल रात्री घेतलीस?"

"हो."

मी पेन खाली ठेवलं.

इथे थोडं समजावून सांगते. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स धावत जाऊन भोक बुजवतात. अॅस्पिरिन त्या प्लेटलेट्सचा चिकटपणा घालवतं, आणि एकदा घालवला की त्या प्लेटलेटपुरता कायमचा. शरीरानं नव्या तयार करेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस जातात. म्हणजे गोळी आज थांबवली तरी उद्या तिचा परिणाम संपत नाही. छातीच्या या ऑपरेशनमध्ये आतला मोठा भाग उघडा होतो. वरून टाके सुबक दिसतात आणि आत रक्त साठत राहतं. मग छाती टरारून फुगते, ठणकते, आणि पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. जीव वाचवायचं ऑपरेशन असेल तर आम्ही असला धोका पत्करतोही. पण हे थांबू शकणारं ऑपरेशन. जे थांबू शकतं त्यात मी धोका का घेऊ?

हे सगळं मी तिला सांगितलं आणि म्हटलं, "परवा नाही करता येणार."

ती रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. "पुढे ढकललं तर माई परत येतील. मग होणारच नाही. त्यांना काय सांगू, मला छाती कमी करायचीय? त्या म्हणतील, देवानं दिलेलं, सॉरी, निसर्गानं दिलेलं शरीर कापायचं काहून? चार वर्षं हिंमत गोळा केली मॅडम. ऑफिसात खुर्चीत सरळ बसता येत नाही मला. लेकीला उचलून घेतलं नाही कधी नीट."

मला फार वाईट वाटलं. एखाद्या बाईनं चार वर्षं वाट बघून दार उघडावं आणि दारात आपण आडवं उभं राहावं, हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात नावडतं काम. आमचे सर्जन अरोरासाहेब भला माणूस. तेही हळहळले. "वानखेडे जी, इतनी छोटी सी गोली है. थोड़ा संभाल के कर लें?" मी म्हटलं, "साहेब, गोली छोटी है, बिल्कुल. ज़ख्म छोटा नहीं है." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि स्वतःच तिला पुढची तारीख दिली. कुणावर खेकसले नाहीत. अशा सर्जनबरोबर काम करायला मिळणं हेही नशीबच.

निघताना ती दारात थांबली. "आज नऊ वाजता काय करू?"

मी म्हणू शकले असते, गोळी गालात धर आणि नंतर थुंक. मनात आलंही होतं. पण ऑपरेशननंतर ही बाई दोन आठवडे हात वर करू शकणार नाही, घरात सासू असणार, तेव्हा काय काय गालात धरणार? मी म्हटलं, "खरं सांगून बघ. नाहीच जमलं तर मला फोन कर."

फोन आला नाही. तीन-चार दिवसांनी माणसंच आली. रिसेप्शनवरच्या मुलीनं कळवलं, एक माताजी आल्यात, अपॉइंटमेंट नाही, पण हलायला तयार नाहीत. दार उघडून आत आल्या त्या पांढऱ्या लुगड्यातल्या, ताठ कण्याच्या माई. मागे वैशाली, चेहरा उतरलेला. माईंना मी विहारात कैकदा पाहिलं होतं, नाव माहीत नव्हतं.

"जय भीम, डॉक्टरबाई."

"जय भीम. बसा."

"बसतो मंग. अमरावतीहून रात्रभर गाडीत बसूनच आली. हिनं फोनवर सांगितलं, गोळी घेणार नाही. म्हटलं, काहून? तर म्हणे ऑपरेशन." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "बाप्पा! ऑफिसच्या ट्रेनिंगले जातो म्हणाली होती मले."

मी भांडणाच्या तयारीत होते. शरीर, लाज, लोक काय म्हणतील, या सगळ्याची उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती. माईंनी त्यातलं काहीच काढलं नाही.

"इचे खांदे दुखतात ते मले माहीत नाही का? रात्री बाम कोण चोळते? करा तुमी ऑपरेशन, माझी ना नाही. पण गोळी बंद केली आणि इले काही झालं तं? मोठा गेला तेव्हा मी गोळी दिली नव्हती." त्यांचा आवाज फाटला. "त्याले मी दिली नव्हती, डॉक्टरबाई."

वैशाली त्यांच्या खुर्चीशी खाली बसली आणि तिनं माईंच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मीसुद्धा टेबलाच्या अलीकडे येऊन माईंच्या शेजारी बसले.

सांगायला अवघड होतं, पण सांगितलं. म्हटलं, माई, तुमचा मुलगा गेला ते तुम्ही गोळी दिली नाही म्हणून नाही. बोलणाऱ्याला काही कळत नव्हतं. ही गोळी तुमच्यासारख्या, स्टेंट असलेल्या माणसाचं रक्षण करते. ज्याला गरज नाही त्याचं फक्त रक्त वाहतं ठेवते, पोटातही वाहू शकतं. कुणाला गरज आहे ते तपासून ठरवायचं असतं. वैशालीची सगळी तपासणी मी केली आहे, तिचं हृदय चांगलं आहे, तिला या गोळीची गरज नाही.

माईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे वाईट गोळी आहे. मंग मीही आजपासून बंद करतो."

"अहो नाही!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरची नर्स आत आली. "तुमची एक दिवसही चुकवायची नाही. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. तुमची तुम्हांला, बाकी कुणाला नाही. आणि सख्खा भाऊ असा अचानक गेलाय, तेव्हा नितीनला आधी डॉक्टरकडे नेऊन तपासून घ्या."

"बरं बरं," माई म्हणाल्या. "वरडता काहून? बहिरी नाही मी."

वैशाली त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

नितीनला त्यांनी खरोखर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. त्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. म्हणजे त्याला गोळीची गरज होती, फक्त वेगळ्या. माईंना यात केवढं समाधान झालं! घरात एकाला तरी हक्कानं गोळी देता येणार होती.

नव्या तारखेला वैशाली आली तेव्हा हातावरचा डाग नाहीसा झाला होता. मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. रात्रीच्या जेवणापर्यंत आलो.

"जेवणानंतर?"

"खडीसाखर," ती म्हणाली. "रोज. माई म्हणतात, सगळे हात पुढे करतात, तुझा हात रिकामा कसा ठेवू? नितीनच्या हातावर त्याची गोळी, माझ्या हातावर खडीसाखर. एवढे दिवस एकदाही चुकवलं नाही."

ऑपरेशनच्या टेबलावर तिचा हात थंड पडला होता. मी तो धरून ठेवला. औषध सोडता सोडता मराठीतच म्हटलं, "आता रात्रीचं जेवण झालंय असं समज. हात पुढे कर." तिनं खरंच तळवा उघडला आणि तशीच झोपी गेली. अरोरासाहेबांना ऑपरेशनभर रक्ताचा काही त्रास झाला नाही. शेवटचा टाका घालताना ते नुसतं "बढ़िया" म्हणाले. एवढंही ते सहसा म्हणत नाहीत.

संध्याकाळी वैशाली नीट शुद्धीवर आल्यावर मी बाहेर आले. सोफ्यावर माई बसल्या होत्या. सकाळपासून बसल्या होत्या. अरोरासाहेब शेजारून गेले, नितीन त्यांचे हात हातात घ्यायला धावला. मी सवयीनं लिफ्टकडे वळले.

"डॉक्टरबाई!"

मी वळून पाहिलं. टोपी काढलेली, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर मास्कचे वळ. या अवताराला लिफ्टमध्येही कुणी ओळखत नाही. माई मात्र सरळ माझ्याकडे चालत आल्या.

"हात करा पुढे."

मी केला. त्यांनी कमरेची चंची सोडून खडीसाखरेचा एक मोठा खडा माझ्या तळव्यावर ठेवला, आणि मी तो तोंडात टाकेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

मला गेली कित्येक वर्षं डायबेटिस आहे. माईंनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.